तिरक्या डोळ्याचा नावाडी

मित्रांनो, मी नावाडी आहे आणि आता बराच जुना झालो आहे. माझी उंची तुमच्या तळहाताएवढी. हातात वल्हं, डोक्यावर गवताची टोपी, ओठांवर पांढरी मिशी. होडी मात्र माझ्याजवळ नाही. ती एका व्हिडिओ गेममध्ये आहे.

तो गेम तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यात एक मुलगी डोंगर चढते, फळं गोळा करते, खेकड्यांना पळवून लावते. दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेलं की समोर समुद्रात एक बेट दिसतं. पोहत निघालं तर लाट येते आणि मुलीला परत वाळूवर आणून टाकते. तिथे न्यायला नावाडी लागतो, आणि नावाडी गेममध्ये नसतो. तो दुकानात डब्यात मिळतो. त्याच्या पायाखालच्या चकतीत एक चिप असते. खेळायच्या यंत्रावर त्याला उभं केलं की तो पडद्यावर होडी घेऊन हजर होतो. अशी ती सोय. कुणाची सोय, ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात गरम प्लास्टिक ओतलं, ते निवलं, साचा उघडला आणि मी झालो. माझ्याआधी तसेच कितीतरी झाले होते, त्यामुळे कुणी फारसं कौतुक केलं नाही. लांबलचक टेबलाशी बायका बसल्या होत्या. एक टोप्या रंगवायची, एक मिशा, एक वल्ही. डोळे मात्र ठशाने उमटवायचे. माझ्या वेळी ठसा जरासा सरकला. उजवा डोळा जागेवर बसला, डावा कडेला गेला.

"बाई, हा तिरळा झाला हो," ठसा मारणारी म्हणाली.

देखरेखीच्या बाईंनी मला उचलून पाहिलं. त्यांना घरी जायची घाई होती.

"नावाडी आहे ना? वाऱ्याकडे बघतोय म्हणायचं. टाक डब्यात."

तेवढ्यावर माझं पुढचं सगळं ठरलं. तेव्हा मला ते कळलं नाही, आणि कळलं असतं तरी फार काही वाटलं नसतं. माझ्या कमरेला प्लास्टिकचा पट्टा आवळला, पायांखाली चंदेरी कागद घातला आणि डबा चिकटवला. तो चंदेरी कागद असेपर्यंत चिप मुकी असते. कुणी दुकानातच डबा यंत्राला टेकवून फुकटात बेटावर जाऊ नये, म्हणून ही खबरदारी.

नावाडी थोडेच काढले होते. मुद्दामच थोडे काढतात, म्हणजे लोक जास्त धावतात. दुकानदाराने आदल्या दिवशी नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या, एका माणसाला एक. मुलं तेव्हा शाळेत होती. त्यामुळे जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या मिशा फुटलेल्या मोठ्या माणसांनी उचलल्या.

त्यांत चष्म्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे काचवाले म्हणत. त्यांनी एक चिठ्ठी स्वतःसाठी घेतली आणि एक बायकोला उभं करून घेतली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, बायकोची चिठ्ठी त्यांनी आपल्या धाकट्या मेव्हणीला नेऊन दिली.

"घे. तुझी पोरगी त्या बेटासाठी जीव टाकते ना? तिला होईल."

हे त्यांनी मनापासून दिलं होतं. पुढे जे झालं ते ऐकताना तुम्ही त्यांच्यावर चिडाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मेव्हणी कपडे शिवायची आणि उसवलेले दुरुस्त करून द्यायची. त्या दिवशी मशीन बंद ठेवून ती मुलीचा हात धरून सकाळपासून रांगेत उभी राहिली. मुलगी सात वर्षांची. ती सतत त्या गेमचं संगीत गुणगुणायची, म्हणून घरात तिला भुंगा म्हणत. त्यांच्या मागे एक पाठपिशवीवाला उभा होता. त्याने विचारलं, "पोरीला घेताय? म्हणजे उघडणार?"

"मग? बघत बसणार का?" भुंग्याची आई म्हणाली.

"अरेरे," तो म्हणाला.

त्या रांगेतून मी भुंग्याच्या हाती आलो. ती वाटेतच डबा फोडायला निघाली होती, पण आई म्हणाली, "बाबांना येऊ दे. संध्याकाळी सगळे मिळून उघडू." आईला वाटलं, मजेची गोष्ट आहे तर सगळ्यांनी मिळून करावी. भुंगा दुपारभर मला मांडीवर घेऊन बसली. बेटावर काय असेल ते तिने मला सांगितलं. तिच्या मते तिथे एक घर होतं, त्या घरातल्या कुणालाही शाळा नव्हती आणि अंघोळीची सक्ती नव्हती. मला काहीच माहीत नव्हतं. मी नुसता नावाडी.

संध्याकाळी तिचे बाबा आले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. हातांचं काळं तेल धुऊन ते बसतात न बसतात तोच काचवाले आणि भुंग्याची मावशीही आली, गंमत बघायला. भुंग्याने झाकणाच्या चिकटपट्टीखाली नख घातलं. काचवाले कौतुकाने वाकून बघत होते. समोरच्याचे डोळे आधी बघायचे, ही त्यांची दुकानातली सवय. त्यांनी डब्याच्या पारदर्शक खिडकीतून माझे बघितले.

"थांब! थांब, नख काढ आधी!"

सगळे दचकले. काचवाल्यांनी खिशातून भिंग काढलं.

"डावा डोळा बघा. तिरका आहे. कारखान्याची चूक आहे ही. असा दुसरा मी पाहिला नाही की ऐकला नाही."

"मग बदलून आणू का?" भुंग्याच्या आईने विचारलं.

"बदलून?" काचवाले खुर्चीत बसले. "वेडी आहेस का गं?"

मित्रांनो, तुमच्या वहीत चूक झाली तर गुण जातात. आमच्या जातीत चूक झाली तर भाव वाढतो. डबा बंद असेल तर आणखी वाढतो, कारण मग कुणी म्हणू शकत नाही की चूक मागाहून घरी केली. हे सगळं काचवाल्यांनी एका दमात सांगितलं आणि मग भुंग्याजवळ बसले.

"भुंग्या, असं करू. माझ्याकडे सरळ डोळ्यांचा नावाडी आहे. तो तुला देतो. घरी जाऊन आत्ता घेऊन येतो, आत्ताच उघड. हा मला दे."

"चालेल!" भुंगा उभीच राहिली.

तिथेच सगळं मिटलं असतं. ती बेटावर गेली असती, मी काचवाल्यांच्या कपाटात गेलो असतो, आणि तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नसतं.

"एक मिनिट," भुंग्याचे बाबा म्हणाले. "भाऊ, साधा देऊन दुर्मीळ न्यायचा? मी काय दूधखुळा आहे?"

"अहो साडूभाऊ, चिठ्ठी माझी होती."

"उभी माझी बायको राहिली."

"तुम्हाला लिफ्ट कळते. यातलं काय कळतं? बिस्किटाच्या पुड्यासारखा फाडाल."

बाबांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "नाही फाडत. बघाच तुम्ही. असाच बंद ठेवून दाखवतो."

"बाबा, पण बेट?" भुंगा म्हणाली.

"नंतर, बेटा."

मला कपाटावर ठेवलं. मला वाईट वाटलं असं इथे म्हणायला हवं. पण खरं सांगतो, काही वाटलं नाही. डब्यात हवा स्थिर असते, आवाज जरा लांबून येतात. माणूस रडलं तरी ते शेजारच्या घरात रडल्यासारखं वाटतं.

दोन्ही घरांचं बोलणं काही आठवडे बंद राहिलं. शेवटी मावशीने तोडगा काढला. मी सहा महिने एका घरी राहायचं, सहा महिने दुसऱ्या घरी. मावशीला वाटलं, आपण फार शहाणपणा केला. बहिणींची भेट तरी होत राहील.

मग ते सुरू झालं. मावशीच्या जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरायचं, वर दिवा ओढायचा. दोघेही साडू सुती हातमोजे घालायचे. डब्याचे आठ कोपरे भिंगाखाली बघायचे. "हा कोपरा मागच्या वेळी असा नव्हता." "होता." "नव्हता." झाकणावर भुंग्याच्या नखाचा एक बारीक ओरखडा होता. त्याच्याशी आलं की दोघेही हळहळायचे. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत असायचं. भुंगा टेबलाच्या टोकाला हनुवटी टेकवून बसायची आणि सगळं आटपलं की विचारायची, "आता उघडायचं?"

"पुढच्या वेळी," ज्याची पाळी असेल तो म्हणायचा.

ती हट्ट करायची नाही. मावशी म्हणायची, "किती समजूतदार आहे गं तुझी मुलगी." आई मान हलवायची. एकदा मात्र आई घरी आल्यावर बाबांना म्हणाली, "अहो, त्या पोरीसाठी उभी राहिले होते मी रांगेत."

"मला कळतं. पण आत्ता उघडला तर ते हसतील. म्हणतील, बघा, नाहीच टिकला यांच्या हाती."

"हसू देत की."

"तुला नाही कळायचं," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांना काचवाल्यांकडून लागलं होतं.

त्यांना आणखीही काही लागलं होतं. दर रविवारी काचवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत हौशी मंडळी जमायची. भुंग्याचे बाबा पहिल्यांदा नुसते मला सांभाळायला म्हणून गेले आणि मग नेमाने जाऊ लागले. तिथे कुणाला बाहुला म्हटलेलं चालत नसे, फिगर म्हणायचं. सगळे आपापले बंद डबे आणून मांडायचे आणि एकमेकांच्या डब्यांकडे बघून उसासे टाकायचे. तो रांगेतला पाठपिशवीवालाही यायचा. एकदा कुणीतरी गैरहजर होता, तर तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्याने उघडला." सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकाने टोपीसुद्धा काढली. दुकानात लहान मुलं फिगर घेताना दिसली की या लोकांना मनापासून राग यायचा. आपली वस्तू कुणीतरी चोरून नेतंय, असा. भुंग्याच्या बाबांनी हळूहळू स्वतःचे डबे जमवले, काचवाल्यांपेक्षा एक जास्त. मग काचवाल्यांनी दोन जास्त. माझ्यासारखे पुष्कळ जण त्या कपाटांत उभे होते. आम्ही एकमेकांशी काही बोलत नसू. बोलण्यासारखं कुणाच्या आयुष्यात काही झालंच नव्हतं.

एका दुपारची गोष्ट सांगायला हवी. मी भुंग्याच्या घरी होतो. बाबा कामावर, आई कपडे पोचवायला गेलेली. भुंगा खुर्चीवर चढली आणि तिने मला खाली काढलं. डबा उघडायचा नाही हे तिला पक्कं माहीत होतं आणि ती उघडणार नव्हती. तिने यंत्र चालू केलं, गेममधल्या आपल्या मुलीला दक्षिणेच्या किनाऱ्यावर नेऊन उभं केलं आणि मला डब्यासकट यंत्रावर ठेवलं. 'पुन्हा प्रयत्न करा,' पडद्यावर अक्षरं आली. तिने मला जरा सरकवून ठेवलं. 'पुन्हा प्रयत्न करा.' तिने आडवा धरला, उभा धरला, हळू टेकवला, जोरात दाबला. माझ्या पायांखाली तो चंदेरी कागद होता. शेवटी ती डब्याच्या खिडकीला तोंड लावून म्हणाली, "अरे ये ना रे."

त्या वेळी मात्र मला वाटलं, मित्रांनो. फार वाटलं. पुढे आयुष्यात तसं काही वाटलं नाही. तिने मला पुसून, होता तसा, कपाटावर ठेवून दिलं.

वर्षं गेली. भुंगा गुणगुणायची थांबली. कधी थांबली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. टेबलाच्या टोकाला हनुवटी टेकवणंही थांबलं, कारण ती आता तेवढी बुटकी राहिली नव्हती. "आता उघडायचं?" हे शेवटचं तिने कोणत्या वेळी विचारलं, तेही कुणाला सांगता येणार नाही.

साडवांचा मात्र जोर वाढत गेला. एका अदलाबदलीला भुंग्याचे बाबा म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे सरळ डोळ्यांचा आहेच. उद्या डबा उघडून आतला बदललात, पुन्हा चिकटवलात, तर मला काय कळणार?"

काचवाल्यांचे कान लाल झाले. "मी? मी बदलणार?"

"मी फक्त विचारतोय."

"थांबा. तुमच्यासमोर कायमचा बंद करतो."

त्यांनी आतून एक जाड पारदर्शक पेटी आणली, तिच्यात माझा डबा ठेवला आणि पेटीच्या फटीत चष्म्याच्या फ्रेमा चिकटवायचा तो झटपट डिंक भरला. भुंग्याच्या बाबांनी चारही बाजू दाबून धरल्या. "इथे राहिलं." "इथेही थोडा टाका." सांध्यावर दोघांनी सह्या केल्या. इतकी वर्षं भांडल्यावर ते एक काम त्यांनी खांद्याला खांदा लावून केलं. मग उजेडाने रंग उडू नये म्हणून पेटी काळ्या कापडात गुंडाळून काचवाल्यांच्या कपाटात ठेवून दिली.

त्या डिंकाची वाफ निघते. बाहेर ठेवलं तर उडून जाते. बंद पेटीत तिला जायला जागा नव्हती. ती हळूहळू पेटीच्या आतून आणि माझ्या डब्याच्या खिडकीवर बसत गेली. मला समोरचं दिसेनासं झालं. कापडामुळे तसंही काही दिसत नव्हतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

सहा महिन्यांनी टेबलावर ते काळं कापड सोडलं. आत सगळं पांढरं धुकं. माझा डोळा तर सोडाच, मी आहे की नाही तेही कळत नव्हतं.

"हे काय केलंत?" भुंग्याचे बाबा ओरडले.

"मी केलं? दाबून कोण धरत होतं?"

त्यांनी पेटी पुसली. धुकं आतून होतं. ती फोडावी तर सह्यांचं काय, आणि फोडून डब्याची खिडकी पुसावी तर तिच्यावर ओरखडे पडणार. दिवसभर चष्म्याच्या काचा पुसणाऱ्या माणसाने ती पेटी परत परत दिव्याखाली फिरवली. मग खाली ठेवली. पुढच्या रविवारी पाठपिशवीवाल्याने एकदा बघितलं आणि मान हलवली. न दिसणारा तिरका डोळा कुणाला नको होता.

"असू दे, तुमच्याकडेच ठेवा," काचवाले म्हणाले.

"छे छे. चिठ्ठी तुमची होती," भुंग्याचे बाबा म्हणाले.

इतकी वर्षं दोघांनी मला ओढलं होतं, आणि त्या दिवशी दोघांनी मला ढकललं. शेवटी मी भुंग्याच्या घरी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर आलो. माझ्यावर लोक छत्री ठेवायचे. मला त्याचं काही वाटलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी भुंग्याच्या आईने नवऱ्याच्या अवजारांच्या पिशवीतून करवत काढली. माझ्याखाली जुनं फडकं घातलं आणि पेटी कापायला घेतली. बाबा समोर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, बघितलं, परत वर केला. पेटी सुटली. मग आईने शिवणाची कात्री घेतली आणि डबा उघडला. पट्टा कापला. चंदेरी कागद बाहेर काढून टाकला. पहिल्यांदाच अंगाला वारा लागला. छान वाटेल असं मी ऐकून होतो. ठीक होतं.

जुनं यंत्र आईने टीव्हीखालच्या खणात जपून ठेवलं होतं. तिने ते जोडलं आणि भुंग्याला हाक मारली. भुंगा आपल्या खोलीतून आली. उंच झाली होती, हातात फोन होता.

"काय गं?"

"ये ना. तुझा नावाडी. उघडला मी."

भुंग्याला आठवायला क्षणभर लागला. "अरे हो," ती म्हणाली आणि आईशेजारी बसली. तिने मला यंत्रावर ठेवलं.

मी आलो. चिप चालू होती. पडद्यावर होडी घेऊन, मिशीखाली हसत, दोन्ही डोळे अगदी सरळ ठेवून मी किनाऱ्याला लागलो आणि तिच्या गेममधल्या मुलीला घेऊन निघालो. लाट आली नाही. आम्ही बेटावर पोचलो.

तिथे एक घसरगुंडी होती, टेकडीवरून थेट पाण्यात जाणारी. शिंपले होते. एक बकरी होती. ती पाहुण्याला नाव विचारायची आणि मग त्या नावाने हाका मारत मागे मागे फिरायची. 'तुझं नाव काय?' अक्षरं आली. भुंग्याने एकच अक्षर दाबलं आणि पुढे गेली. बकरी तिला त्या एका अक्षराने हाका मारत राहिली. भुंगा एकदा घसरगुंडीवरून घसरली. बेटाला एक फेरी मारली.

"एवढंच?" ती म्हणाली.

मग तिने आईकडे पाहिलं. आई पुढे वाकून पडद्याकडे बघत होती. करवतीने तिच्या बोटाला फोड आला होता. भुंगा लगेच म्हणाली, "छान आहे गं, आई. खरंच छान आहे." मोठी माणसं लहान मुलांनी काढलेल्या चित्राला म्हणतात तसं. थोडा वेळ थांबून ती खोलीत गेली.

तिची काही चूक नव्हती. ते बेट सात वर्षांच्या मुलीसाठी केलं होतं. तिथे सात वर्षांची मुलगी कधी पोचलीच नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं की वस्तू नीट सांभाळा. माझ्याइतकी सांभाळलेली वस्तू तुम्हाला शोधून सापडणार नाही, म्हणून मी ते सांगणार नाही. तुम्हाला दुसरंच सांगतो. तुमच्यासाठी आणलेली गोष्ट कुणी कपाटात ठेवून दिली तर ती मागा. एकदा नाही म्हणाले तर परत मागा. रुसा, पाय आपटा, जेवू नका, घर डोक्यावर घ्या. भुंग्याने यातलं काहीच केलं नाही. सगळे म्हणायचे, किती समजूतदार मुलगी आहे.